थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा

उम्या, गाढवा, आधीच सांगून ठेवते, मी रडायला बसलेली नाही. रडून झालं. वडगावातल्या आपल्या गल्लीतल्या बायकांनी गळ्यात पडून पडून रडवलं, मीही पोटभर रडले, आणि आता डोळे कोरडे झाल्यावर मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर दोन कानाखाली ठेवून दिल्या असत्या. थोरली बहीण आहे मी तुझी. तू मेलास म्हणून माझा तो अधिकार गेलेला नाही.

दुखवट्याला येणारं प्रत्येक माणूस एकच बोलायचं. सोन्यासारखं पोरगं, कधी कुणाला त्रास म्हणून दिला न्हाय. तुझी सासू म्हणाली, काका म्हणाले. मच्छे गावच्या कारखान्यात तू आधी ज्यांच्या हाताखाली कॉम्प्युटर सांभाळायचास ते साहेब खास गाडी काढून आले, आप्पांचा हात हातात घेऊन बसले आणि शेवटी तेही तेच म्हणाले. मी सतरंजीच्या कोपऱ्यात दात-ओठ खात होते. त्रास दिला नाही, त्रास दिला नाही! अरे, दिला असतास तर आज इथं बसला असतास, माझ्यासमोर चहात खारी बुडवत.

पण खरं भांडण त्याच्याही पुढचं आहे. ते तुला नीट सांगते, कारण आपलं ते भांडण अर्धं राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलास.

अजून सुतक फिटलं नव्हतं. मालनमावशींचा फोन आला. विणकर बायकांच्या गटाच्या त्या अध्यक्ष, त्यांच्या साड्या जगभर दिसाव्यात म्हणून आपण साइट करून दिली आणि गेली काही वर्षं त्या साइटवरच त्यांचं सगळं चाललंय. बाई बिचारी किती वेळ इकडचं तिकडचं बोलली. आप्पा जेवत्यात का, रेखा उठती-बसती का. मग हळूच म्हणाली, “शारदा, इचारू नये असल्या येळंला, पण साइट उघडंना झालीया बघ. एकच वाक्य येतंय.”

“काय येतंय?”

“थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. उमेश गेल्याधरनं तेच. किती येळा करू गं प्रयत्न?”

लग्नसराई तोंडावर. कुणाची ऑर्डर कुठली, काठ कुठला, पत्ता कुठला, सगळं त्या साइटच्या आत. बायकांनी मागावर ताणे चढवलेले. पुण्याची कंपनी स्वस्तात करून देत होती तेव्हा याच मावशी भर बैठकीत म्हणाल्या होत्या, “आपला उमेश हाय की, परक्याकडं कशाला?” आता साइट बसली तर त्या बायका पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात साड्यांचे गठ्ठे घेऊन उभ्या राहणार, तो म्हणेल त्या भावाला देणार. मला ते नको होतं. तुझ्या नावावर ते तर अजिबात नको होतं. मी माडीवर गेले, तुझ्या खुर्चीत बसले आणि लॅपटॉप उघडला.

काका मागोमाग जिना चढून आले. “शारदा, सुतकात काय करालीस हे?”

“काका, साइटला सुतक नसतं,” म्हटलं. ते खाली गेले आणि मी बिघडले आहे असं सगळ्यांना सांगितलं असावं, कारण मग चहा घेऊन एकदम तिघी वर आल्या.

आता ऐक. जोडणी तुटली की काय बघायचं, हे तूच मला शिकवलंस. बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेतली कॉम्प्युटर शिकवायची नोकरी मी सोडली आणि तुझ्याबरोबर कामाला लागले, त्या पहिल्या आठवड्यात. मुलांना मी मोठमोठ्या व्याख्या पाठ करून घ्यायचे, आणि तू म्हणालास, “आक्का, हे पावण्याच्या घरी गेल्यागत हाय. साइट म्हंजे पावणा, डेटाबेस म्हंजे घर. पयलं बघायचं, घर सापडलं का. मग दार कुणी उघडतंय का. मग आतल्यानं वळखलं का. आन वळखून आत घेतलं तर बसाय जागा हाय का. ह्याच्याभायेर काय नसतंय.” मी इतकी वर्षं जे शिकवत होते ते तू एका कटिंग चहात सांगितलंस. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगून ठेवते.

तर मी आधी चुकांची नोंद उघडली. साइट कशावर अडखळली ते तिच्यात लिहिलेलं असतं, निदान असायला पाहिजे. कोरी होती. एक ओळ नाही. जगात सगळं आलबेल आहे असं ती नोंद सांगत होती आणि मावशी तिकडं प्रयत्न करून करून दमली होती. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती, पण मी म्हटलं राहू दे, उम्याच्या पद्धतीनं जाऊ. घर सापडलं. पत्ता बरोबर होता, डेटाबेस जागा होता. दार वाजवलं, उघडलं. नाव आणि पासवर्ड तपासला, बरोबर. मग मी साइटला बाजूला ठेवलं, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून स्वतःच्या हातानं आत जायला बघितलं आणि तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. जागा नाही. सगळ्या जोडण्या भरलेल्या आहेत.

डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. साइट टुणकन उघडली. मावशींना फोन केला, त्या म्हणाल्या, “देव तुझं भलं करो,” आणि मी लॅपटॉपवर डोकं ठेवून बसले. मला वाटलं झालं.

कसलं झालं! दुसऱ्या दिवशी परत तेच. परत भरलं. परत मी बंद-चालू केलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं ही साइट चालली, कधी एक दिवस बसली नाही. तुझी तर बढाईच होती ती, “आपली साइट पडत न्हाय.” मग तू गेल्याबरोबर तिला कसली लागण झाली? साइट काय तुझ्यासाठी दुखवटा पाळत होती?

उत्तर रेखानं दिलं, सुतक फिटल्यावर. स्वयंपाकघरात भाकरी थापत होती ती, आपल्याच नादात. तुझी बायको त्या दिवसांत काम सोडून बसतच नव्हती. मी सहज बडबडले, की रोज सकाळी बंद-चालू करावं लागतंय. ती म्हणाली, “मग? ते रोजच करत होते की.”

“काय करत होता?”

“सकाळी उठले की दात घासायच्या आधी फोन घेऊन कायतर दाबायचे. मी इचारलं, काय वो हे रोज? तर म्हणाले, साइटचं तोंड धुतो. आन मग ती गुलाबी औषधाची बाटली. छातीत जळजळतंय म्हणून झाकणभर घ्यायचे. फोन आन बाटली, फोन आन बाटली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा, तर म्हणाले, अ‍ॅसिडिटी हाय, निपाणीला हॉटेलचं खातो म्हणून.”

हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून ती तशीच उभी राहिली. बोलून गेल्यावर तिच्याही ध्यानात आलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथून निघाले, कारण तिच्यासमोर मला तुला शिव्या घालायच्या नव्हत्या.

वर येऊन घातल्या. मनसोक्त. खाली आप्पांचा माग खडखडत होता म्हणून कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

मग मी तुझा कोड उघडला. माझं काम गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि साइट तपासायचं, आतल्या तारा तुझ्या, म्हणून त्या फाइलीत मी कधी घुसले नव्हते. काय करून ठेवलंस रे ते? एखादी मागणी जरा रेंगाळली की तुझा कोड तिची वाट बघणं सोडून नवी जोडणी मागायचा, आणि आधीची? आधीची सोडायचाच नाही. ती बसली तशीच खुर्ची अडवून. असे आलेले आणि न उठलेले पाहुणे दिवसभर साचायचे. आणि जागा संपली, डेटाबेसनं ओरडून सांगितलं की जागा नाही, तर ते ओरडणं कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तू चारी बाजूंनी गोधडी गुंडाळली होतीस. चूक झाली? काही करू नको. लिहू नको, सांगू नको, पुढं जा. आणि बाहेर पाटी लाव, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. मराठीत एक, कन्नडमध्ये एक, इंग्लिशमध्ये एक. अनुवाद तेवढा काळजीनं केला होतास. तिन्ही भाषांत खोटं, आणि एकाही भाषेत शुद्धलेखनाची चूक नाही.

आणि सकाळी उठून स्वतःच्या हातानं सगळ्यांना हाकलून जागा करायची. रोज. तापात, दिवाळीला, रेखाच्या भावाच्या लग्नात. एक दुरुस्ती करायला तुला एक दुपार लागली असती, उम्या. मला करायला तेवढीच लागली. पण दुरुस्त करायचं म्हणजे आधी तुटलंय असं म्हणावं लागतं ना. ते तुझ्या तोंडून निघत नव्हतं.

यावरूनच आपलं भांडण व्हायचं. आठवतंय? मी म्हणायचे, साइट अडली तर स्पष्ट लिही की अडली आणि मला फोनवर कळव. तू म्हणायचास, “आक्का, गिऱ्हाइकाला तांबडं दिसलं की ते पळतंय.” मी म्हणायचे, खोटं बोललेलं कळलं की त्याच्या दुप्पट पळतं. तू हसायचास. “बघू की.” तुझं ते ‘बघू की’ म्हणजे विषय संपला. तू निपाणीच्या शाळेच्या कामाला गेलास त्याच्या आदल्या दिवशी आपण शेवटचे भांडलो, ते यावरच. मी म्हटलं, निपाणीहून आलास की सोक्षमोक्ष लावू. तू म्हणालास, “व्हय, लावू.” लावलास बघ.

तुझं कुठून आलं हे, ते मला ठाऊक आहे. आप्पांकडून. त्यांच्या मागाला तो लोखंडी काटा आहे ना, आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा. तो झिजला होता, धागा न तुटताही माग थांबवायचा, म्हणून आप्पांनी तो तारेनं बांधून टाकला. नवा बसवायचा सोडून बांधून टाकला. आपण शाळेत होतो तेव्हा. तेव्हापासून आप्पा मागापाशी डोळ्यांत तेल घालून उभे, धागा तुटला की हातानं थांबवायचे, गाठ मारायचे, पुढं. आपल्या गल्लीत माग बंद पडला की शेजारी लगेच दारात येतात, का हो, का थांबला? मागाचा आवाज थांबणं म्हणजे घरात काहीतरी झालं. मयत, आजार, नाहीतर भांडण. त्यामुळं थांबू द्यायचाच नाही, ही आप्पांची रीत. तू बापाच्या पायाशी सुताच्या कांड्या भरत मोठा झालास आणि तेवढंच शिकलास. काटा बांधायचा आणि स्वतः उभं राहायचं. पण आप्पा मागापासून हलले नाहीत, रे. तू हललास.

ज्या दिवशी तू गेलास त्या दुपारी निपाणीहून आलास तेव्हा तुझा शर्ट पाठीला चिकटलेला. मी माडीवर होते. मी विचारलं, “काय रे, काय झालं?”

“काय न्हाय आक्का. बशीत गर्दी लई होती, गुदमारलं.”

“चेहरा बघ तुझा. चल दवाखान्यात.”

“काय न्हाय गं. थोड्या वेळानं बरं वाटंल.”

थोड्या वेळानं! पाणी प्यायलास, शाळेच्या कामाचा एक मेल टाकलास, खाली जातो म्हणालास. जिना उतरून मागाजवळ पोचलास आणि कोसळलास. आप्पांनी तुला एकट्यानं उचललं, त्या वयात. मी दारात रिक्षा थांबवली तोवर त्यांनी तुला छातीशी धरून बाहेर आणलं होतं. हॉस्पिटलात तुला आत नेलं आणि डॉक्टर बाहेर येऊन मला कन्नडमध्ये विचारायला लागले. “यावागिंद नोवु इत्तु?” कधीपासून दुखत होतं. मला कन्नड येतं, त्यांनी विचारलेलं मला स्वच्छ कळलं. मराठीत विचारलं असतं, हिंदीत विचारलं असतं, तरी कळलं असतं. मला कुठल्याच भाषेत उत्तर माहीत नव्हतं. “गोत्तिल्ल,” म्हटलं. माहीत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की ही कोण, शेजारीण?

शेजारीण! रोज आठ-दहा तास तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारी बाई मी. तुझ्या शिंकेवरून सांगू शकत होते की कोड चालला का नाही. आणि मला माहीत नव्हतं. तू मला माहीत होऊ दिलं नाहीस. ह्याची माफी मी तुला देणार नाही, काय करायचं ते कर.

रागाच्या भरात चांगलं विसरायला नको म्हणून तेही बोलते. माझा संसार मोडला आणि मी दोन बॅगा घेऊन बेळगावच्या स्टँडवर उतरले, तेव्हा तू स्कूटर घेऊन आलास. एक बॅग पुढं, एक मी मांडीवर घेतली. काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाहीस. वाटेत थांबून मला कुंदा खायला घातलास आणि घरी आल्यावर सगळ्यांना दम दिलास, आक्काला कुणी काय इचारायचं न्हाय. मग आपल्या कामाची पाटी रंगवली तर तिच्यावर माझं नाव आधी. मी म्हटलं, अरे मला कुठं काय येतंय? तू म्हणालास, थोरली हाईस, नाव आधीच येणार. तुझ्या त्या न विचारण्यानं मी जगले, उम्या. हे मी मान्य करते. पण आता वाटतं, आपल्या घरात कुणी कुणाला विचारत नाही आणि कुणी कुणाला सांगत नाही, आणि ह्याला आपण माया म्हणतो. मला विचारलं नाहीस ते एक वेळ ठीक. मी तर तुला विचारलं होतं! तोंडावर विचारलं होतं, काय झालं म्हणून!

असो. तुझा कोड मी फाडला. वापरून झालेली जोडणी लगेच सोडायची, चूक झाली की नोंद करायची, माझ्या फोनवर कळवायचं. आणि तुझी ती पाटी पुसली. तिथं लिहिलं, साइट सध्या बंद पडली आहे. चूक आमची आहे. दुरुस्ती चालू आहे. घाई असेल तर शारदाला फोन करा. कन्नडमध्येही तेच. लिहिताना, खोटं कशाला बोलू, तुझ्या घरातली भिंत पाडल्यासारखं वाटत होतं.

तुला ऐकून आनंद होईल, मी पाटी लावली आणि साइट पडली. माझीच चूक. नवा कोड चढवताना पासवर्डमधलं एक अक्षर खाल्लं. आतल्यानं ओळखलंच नाही. पण या वेळी नोंदीत स्पष्ट आलं, पासवर्ड चुकला, आणि मी ते बघेपर्यंत मालनमावशींचा फोन.

“अगं शारदा, चूक तुमची हाय म्हणतंय की हे!”

“व्हय मावशी. माझीच हाय.”

“आं? मग कर बाई निवांत. मला वाटलं माझ्याच फोनात कायतर बिघाड हाय. एवढी वर्सं मला तसंच वाटायचं बघ. एखाद्या दिवशी लवकर उघडलं की हेच वाक्य, आन मी नातवाला फोन दुरुस्तीला द्यायची.”

ऐकलंस? पळाली नाही बाई. उलट इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होती. अक्षर दुरुस्त केलं, साइट चालू झाली, लग्नसराईच्या साड्या त्यांच्या त्यांच्या पत्त्यावर निघाल्या. भांडण मी जिंकले, उम्या. खुर्ची फिरवून तुझ्याकडं बघितलं, सवयीनं. जिंकून काय करू सांग आता.

तर हे सांगायला मी खाली गेले. आप्पांना साइटमधलं काही कळत नाही, पण तुझं काम चालू आहे एवढं कळलं तरी बरं वाटेल म्हणून. सुतक फिटल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माग चालू केला होता. लोक म्हणत होते, म्हातारा खंबीर आहे. मी रोज विचारायचे, आप्पा, कसं वाटतंय? बरं हाय. जेवलात का? व्हय. झोप लागली का? लागली की. मी दारात पोचले तर ते मागापाशी उभे होते, नजर कापडावर, आणि उजव्या हातानं डावा खांदा चोळत होते. कपाळावर घाम. पंखा चालू होता.

“आप्पा, काय झालं?”

“काय न्हाय.”

मला काय झालं मला माहीत नाही. आपल्या घरात त्या मागाच्या दांड्याला आप्पांशिवाय कुणी हात लावत नाही. मी पुढं झाले आणि दांडा ओढला. माग थांबला. इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातून लगेच आवाज आला, “का वो आप्पा, का थांबला?” आणि मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. “काय न्हाय म्हणू नका! तो पण हेच म्हणाला! इथंच, ह्याच फरशीवर पडला तो! मला पुन्हा काय न्हाय ऐकायचं नाही, आप्पा, तुमच्या पाया पडते!”

रेखा पिठाच्या हातानं धावत आली. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. मग ते मागाच्या कडेला हळूच बसले, आणि खांद्यावरचा हात त्यांनी छातीवर आणून ठेवला.

“दुखतंय गं शारदा,” आप्पा म्हणाले. “लई दुखतंय.”

“कधीपासनं?”

त्यांनी बंद मागाकडं बघितलं. मग त्यांनी सांगितलं. “उमेशला उचलून रिक्षात घातला न्हवं, तवाधरनं.”

दारात तीच रिक्षा मिळाली की दुसरी, मी बघितलं नाही. हॉस्पिटल तेच, आणि बाहेर आले ते डॉक्टरही तेच. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी विचारलं, “यावागिंद?” आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कधीपासून, कुठं, काय उचलल्यावर, चालताना की बसताना, घाम कधी येतो. रिक्षात आप्पांकडून एकेक काढून घेतलं होतं. डॉक्टर लिहून घेत होते, मध्येच एकदा त्यांनी मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

आप्पा आता घरी आहेत. गोळ्या चालू आहेत, माग बंद आहे, शेजारी येऊन विचारतात आणि आम्ही खरं ते सांगतो. निघताना डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडं गेले. ते वाक्य मला तुझ्यासाठी ऐकायचं होतं, गाढवा.